पाळी गेल्यावर हाडं आणि स्नायू परत बांधता येतात का? येतात, पण नुसतं चालून नाही

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय ५४, पाळी बंद होऊन तीन वर्षं झाली, वजन ६० किलो. डेक्सा स्कॅनमध्ये (हाडाची घनता मोजणारा एक्स-रे) कण्याचा टी-स्कोअर उणे २.३ आणि खुब्याचा उणे १.६ आला. टी-स्कोअर म्हणजे तरुण निरोगी बाईच्या हाडाशी केलेली तुलना, उणे आकडा जितका मोठा तितकं हाड कमी. रोज पाच किलोमीटर चालता, कॅल्शियमची गोळी न चुकता घेता, तरी दोन वर्षांपूर्वीच्या स्कॅनपेक्षा आकडे खालीच गेलेत. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, गुडघे कुरकुरतात. त्यात कुणीतरी सांगितलंय की आता जड काही उचलू नका, हाड मोडेल. आणि तुम्हाला विचारायचंय की गेलेलं परत येतं का, की आता फक्त उरलेलं सांभाळत बसायचं.

मी २६ वर्षं फिजिओथेरपी करतेय, त्यातली निम्मी वर्षं तरी तुमच्यासारख्याच बायकांबरोबर गेली, आणि माझी स्वतःची पाळी जाऊन पाच वर्षं झालीयेत. सरळ उत्तर देते. ताकद परत येते, चांगली येते आणि अपेक्षेपेक्षा लवकर येते. हाड थोडंच परत येतं आणि फार हळू येतं, पण घसरण थांबवता येते आणि कण्यात दोन-तीन टक्के वरही जाता येतं. मात्र त्यासाठी वजन उचलावं लागतं. म्हणजे जे करू नका असं तुम्हाला सांगितलंय नेमकं तेच, फक्त शिकून आणि पायरीपायरीने.

आधी हे झालं कसं ते समजून घ्या, कारण तुमच्या मेसेजमध्ये "मी सगळं करूनही" असं दोनदा आलंय आणि ते वाचून मला वाईट वाटलं. तुमचं काही चुकलेलं नाही. हाड ही जिवंत गोष्ट आहे, त्यात रोज पाडकाम आणि बांधकाम दोन्ही चालू असतं. जुनं हाड खरवडून काढणाऱ्या पेशी वेगळ्या, नवीन भरणाऱ्या वेगळ्या. इस्ट्रोजेन असतं तोवर ते पाडकाम करणाऱ्यांना आवरून धरतं. पाळी जाते तेव्हा तो लगाम सुटतो, पाडकाम जोरात चालतं आणि बांधकामाला तो वेग गाठता येत नाही. सगळ्यात जास्त झीज शेवटच्या पाळीच्या आधीचं एक वर्ष ते नंतरची दोन वर्षं या काळात होते, मग वेग कमी होतो पण थांबत नाही. तुमच्या दोन स्कॅनमधलं पहिलं वर्ष याच काळातलं आहे! आणि कणा खुब्यापेक्षा जास्त का उतरला, तर मणक्याच्या आत स्पंजसारखं जाळीदार हाड जास्त असतं, जाळीला पृष्ठभाग जास्त, त्यामुळे पाडकामाला जागाही जास्त मिळते.

स्नायूंचं वेगळंच. वयाबरोबर सगळे धागे सारखे झिजत नाहीत, झटपट आणि जोरात काम करणारे धागे आधी बारीक होतात. चालताना जे हळू, न थकणारे धागे लागतात ते बऱ्यापैकी टिकून असतात, म्हणून पाच किलोमीटर आरामात चालणारी बाई जमिनीवरून उठताना हात टेकते. ठेच लागल्यावर पाय झटकन पुढे टाकून सावरायला पण तेच झटपट धागे लागतात. माझ्या मते हाडाच्या आकड्यापेक्षा हे जास्त काळजीचं आहे, कारण खुब्याचं हाड बहुतेक वेळा पडल्यामुळेच मोडतं, आणि पडणं-न पडणं पायाच्या ताकदीवर आणि तोलावर ठरतं.

आता चालण्याबद्दल. चालणं सोडू नका, हृदयाला, शुगरला, झोपेला, मनाला सगळ्याला चांगलंच आहे. पण हाडाच्या दृष्टीने ते जुनंच काम झालं. हाड त्याच्यावर येणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवत असतं, हे ज्युलियस वोल्फ या जर्मन सर्जनने १८९२ मध्येच मांडलं होतं. टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेट धरायच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं, रक्त तेच, हार्मोन्स तेच, जेवण तेच, फरक फक्त भाराचा. उलट बाजूने बघा, अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड भार नसल्यामुळे महिन्याला एक ते दीड टक्का कमी होतं, आणि ते तर तरुण, तंदुरुस्त लोक. म्हणजे हाडाला भार कळतो, पण सवयीच्या भाराकडे ते लक्ष देत नाही. जास्त वजन, झटकन येणारं वजन, किंवा वेगळ्या दिशेने येणारं वजन असलं की ते जागं होतं. आणि एकाच सत्रात तेच ते करत राहिलं तर काही डझन वेळांनंतर त्याचा प्रतिसाद मंदावत जातो. जपानमध्ये उंदरांवर प्रयोग झाला होता, दिवसाला फक्त पाच उड्या मारणाऱ्या उंदरांचीही हाडं भरली होती. दहा हजार पावलं म्हणजे तीच गोष्ट दहा हजार वेळा सांगणं, म्हणून तुमचे आकडे चालूनही खाली गेले.

मग नुसत्या उड्या माराव्यात का, असं बऱ्याच जणी विचारतात. पाळी चालू असलेल्या बायकांमध्ये रोजच्या ५० उड्यांनी खुब्याचं हाड वाढल्याचं दिसलंय, पण पाळी गेलेल्यांमध्ये तेवढ्याच उड्यांनी फरक पडला नाही. आपल्याला त्याहून मोठा भार लागतो.

आणि तो किती मोठा, तर इथे एक अभ्यास सांगायलाच हवा कारण त्याने माझी काम करायची पद्धत बदलली. ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ युनिव्हर्सिटीत बेलिंडा बेक यांच्या टीमने केलेला, लिफ्टमोर नावाचा, २०१८ मध्ये छापून आला. पाळी गेलेल्या, ५८ वर्षांवरच्या, हाड कमी झालेल्या १०१ बायका. निम्म्या जणींना घरी करायचा हलका व्यायाम दिला. बाकीच्यांना आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या नजरेखाली डेडलिफ्ट (वाकून खालचं वजन उचलत उभं राहणं), स्क्वॉट (वजन धरून उठबस) आणि डोक्यावर वजन ढकलणं, प्रत्येकी पाच सेट पाच रेप्स, म्हणजे सलग पाच वेळा करून थांबायचं, असं पाचदा, आणि वजन किती तर जास्तीत जास्त जेवढं एकदाच उचलता येईल त्याच्या ८५ टक्क्यांच्या वर! जोडीला बारला धरून उडी मारून वर जायचं आणि जोरात जमिनीवर उतरायचं. आठ महिन्यांनी त्यांच्या कण्याचं हाड सरासरी २.९ टक्के वाढलं होतं, हलका व्यायाम करणाऱ्यांचं १.२ टक्के कमी झालं होतं. खुब्याच्या मानेत, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या निमुळत्या भागात, वाढ नगण्य होती, पण दुसऱ्या गटात तिथेही जवळपास दोन टक्के घट होती. आणि भीती ज्याची वाटते ते, म्हणजे उचलताना हाड मोडणं, ते एकीचंही झालं नाही. एकीला कंबरेत किरकोळ लचक भरली, तेवढंच. पण हेही लक्षात घ्या की पहिला महिनाभर त्यांना फक्त हालचाली शिकवल्या होत्या, स्वतःच्या शरीराच्या वजनावर आणि अगदी हलक्या भारावर.

हे वाचायच्या आधी मी कित्येक वर्षं बायकांना रबरी पट्टे आणि एक किलोची डंबेल्स देत होते, तीच दोन-दोन वर्षं. त्यांना बरं वाटायचं, मलाही वाटायचं. त्यांची हाडं मात्र हळूहळू कमीच होत होती आणि मी त्यांना "वयाप्रमाणे आहे" म्हणत होते. त्याचं मला अजूनही वाईट वाटतं, म्हणून आता हे इतकं ठासून सांगते.

सुरू करायच्या आधी दोन-तीन गोष्टी बघून घ्यायच्यात. पहिली म्हणजे उंची. भिंतीला टेकून नीट मोजा आणि तरुणपणीच्या उंचीशी, पासपोर्टसाठी किंवा नोकरीला लागताना कुठे नोंद असेल तिच्याशी ताडून बघा. चार सेंटीमीटर किंवा जास्त कमी झाली असेल तर वजन उचलायच्या आधी पाठीचा एक्स-रे. मणक्याची दोन-तृतीयांश फ्रॅक्चर्स कळतच नाहीत, बाई म्हणते पाठ भरून आली होती, आठ दिवसांत गेली, आणि एक्स-रेत मणका दबलेला असतो. दबलेला मणका म्हणजे व्यायाम बंद असं नाही, पण तेव्हा घरी एकटीने करायचं नाही, आखणी वेगळी लागते. दुसरं, ब्लड प्रेशर आवरलेलं हवं. तिसरं, खोकताना-शिंकताना लघवी सुटत असेल किंवा खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटत असेल तर पेल्विक फ्लोअर, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, बघणाऱ्या फिजिओला आधी भेटा. लाजून गप्प बसणाऱ्या फार आहेत, मग वजन वाढलं की त्रास वाढतो आणि त्या कारण न सांगता व्यायामच सोडतात. ते दुरुस्त होतं, सांगा फक्त.

आता प्रत्यक्ष काय करायचं. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये दोन दिवसांचं अंतर, पाऊण तास पुरतो.

पहिला महिना शिकण्याचा. सगळ्यात महत्त्वाची हालचाल म्हणजे जांघेतून वाकणं, पाठीतून नाही. लांब काठी घ्या, पाठीमागे उभी धरा, डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांच्या मधला भाग आणि माकडहाड या तीन ठिकाणी ती टेकलेली पाहिजे. आता गुडघे जरासे सैल सोडून बसायची जागा मागे ढकला, जणू मागचं दार बुडाने लावायचंय, आणि छाती आपोआप पुढे झुकू द्या. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेलीच राहिली पाहिजे, एक जरी जागा सुटली तरी पाठ वाकली समजायचं. हे रोज दहा-बारा वेळा करा, दात घासण्यासारखं. मी नवीन आलेल्या बाईला हे जमल्याशिवाय हातात काही देत नाही, कुणाला दोन दिवस लागतात कुणाला तीन आठवडे. दुसरं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, बसताना तीन आकडे मोजत सावकाश, उठताना झटकन. हा झटका मुद्दाम, ते झटपट धागे त्यानेच जागे होतात. तिसरं, भिंतीवर आणि मग ओट्यावर किंवा मजबूत टेबलावर हात ठेवून पुश-अप्स. चौथं, पट्टा दाराला अडकवून कोपरं मागे ओढणं, खांद्याची पाती जवळ येतील असं. आणि टाचा उचलून वर जायचं आणि धपकन खाली सोडायचं, दहा वेळा, गुडघा परवानगी देत असेल तर.

दुसऱ्या महिन्यापासून वजन. डेडलिफ्ट जमिनीवरून नको, वजन आधी गुडघ्याच्या उंचीच्या स्टुलावर ठेवून तिथून उचला. आठ-दहा किलोपासून सुरुवात बहुतेकींना जमते, बाजारातून आणलेल्या पिशव्या तेवढ्या असतातच. स्क्वॉट खुर्ची मागे ठेवून, डंबेल छातीशी धरून. डोक्यावर ढकलणं बसून किंवा उभं राहून, पण खांदा धरलेला असेल तर समोरच्या दिशेला तिरकं ढकला. आठ ते दहा रेप्स, तीन सेट, आणि सेटच्या मध्ये दोन मिनिटं खरोखर बसायचं. बायका थांबायला तयारच नसतात, त्यांना वाटतं थांबलं म्हणजे आळस. पण पुढचा सेट जड होण्यासाठी ती विश्रांती लागतेच, आणि हाडाची भार ओळखण्याची क्षमताही मधल्या विश्रांतीने ताजी होते.

वजन किती हवं याची एकच खूण सांगते. सेट संपला तेव्हा मनात येऊ दे की अजून दोन निघाले असते, तीन नसते निघाले. अजून दहा निघाले असते असं वाटलं तर ते वजन नाहीच. बारापर्यंत सहज जायला लागलात की पुढच्या वेळी थोडंसं वाढवा, एक किंवा दोन किलो, आणि रेप्स परत आठवर आणा. वहीत लिहा, तारीख, वजन, रेप्स. आठवणीवर सोडलं की तेच वजन सहा महिने चालतं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय. तीन-चार महिन्यांनी, हालचाल पक्की झाल्यावर, रेप्स पाच-सहावर आणून वजन जड करायचं, आणि या टप्प्यावर मात्र ज्याला खरंच येतं असा कुणीतरी शेजारी पाहिजे, दर वेळी नाही तरी महिन्यातून दोनदा तरी. त्या अभ्यासातल्या बायकांना प्रत्येक सत्रात देखरेख होती हे विसरू नका, व्हिडिओ बघून थेट ८५ टक्क्यांवर जायचं नाही.

श्वासाचं एवढंच, उचलताना सोडायचा, दम कोंडायचा नाही.

गुडघ्यांबद्दल. कुरकुर म्हणजे आवाज की दुखणं ते तुम्ही लिहिलं नाहीत. नुसता आवाज असेल तर दुर्लक्ष करा. दुखत असेल तर दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं चालतं, अट एक, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर आलं पाहिजे. सूज आली किंवा जिने उतरताना जास्त दुखायला लागलं तर वजन कमी करू नका, किती खाली बसता ते कमी करा, म्हणजे उंच खुर्चीपर्यंतच बसा. मांडीचा स्नायू भरला की गुडघा बहुतेकींचा शांत होतो, याला दोन-तीन महिने द्या.

काय करायचं नाही तेही सांगते. पाठ गोल करून पुढे वाकणं, पायाचे अंगठे धरणं, झोपून उठण्याचे सिट-अप्स, आणि वाकलेल्या पाठीत पिळणं, हे बंद. मणक्याचा पुढचा भाग आधी कमकुवत होतो आणि पाठ गोल केली की सगळा दाब नेमका तिथेच येतो. मेयो क्लिनिकमध्ये १९८४ साली हाडं ठिसूळ झालेल्या ५९ बायकांवर केलेलं काम आहे. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणींना नंतर मणक्याला नवीन फ्रॅक्चर किंवा दबणं दिसलं, पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये १६ टक्के, आणि काहीच न करणाऱ्यांमध्ये ६७. गट छोटे होते, तरी फरक केवढा आहे बघा. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, ६१ वर्षांच्या, अतिशय लवचिक, रोज सकाळी उभ्याने कपाळ गुडघ्याला लावायच्या आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पाठ दुखते म्हणून आल्या आणि एक्स-रेत दोन मणके दबलेले. त्यांनी वजन कधी उचललंच नव्हतं. म्हणून मला राग येतो जेव्हा बायकांना वजनाची भीती घालतात आणि वाकण्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. त्यांना आम्ही वेगळ्या पद्धतीने, पोटावर झोपून छाती उचलण्यापासून सुरू केलं, दीड वर्षाने त्या १८ किलो गुडघ्याच्या उंचीवरून उचलत होत्या.

तुम्हीही ते करा, पालथं झोपून, पोटाखाली उशी, हात बाजूला, छाती चार बोटं उचलून पाच आकडे धरायची. दहा वेळा. रोज.

तोलासाठी वेगळा वेळ काढायची गरज नाही, रोज भाजी शिजेपर्यंत एका पायावर उभं राहा, आधार हाताच्या अंतरावर. जमायला लागलं की मान डावी-उजवीकडे फिरवत करा.

आहारात कॅल्शियमवर सगळे बोलतात, प्रोटीनवर कुणी नाही. आपल्या वयात शरीराला तेवढाच स्नायू बांधायला पूर्वीपेक्षा जास्त प्रोटीन लागतं, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला ६० किलोला दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम. आणि ते रात्रीच्या एका जेवणात नाही, तीन वेळा वाटून, दर वेळी २० ते २५ ग्रॅम. तुमच्या मेसेजवरून सकाळी चहा-बिस्किटं आणि दुपारी घाईचं जेवण असं दिसतंय, तिथे पाच-सात ग्रॅमच्या वर काही जात नसणार. एका अंड्यात सहा ग्रॅम, मोठ्या पेलाभर दुधात आठ, १०० ग्रॅम घट्ट शिजवलेल्या डाळीत नऊ, तेवढ्याच माशात वीसच्या वर. पातळ डाळ म्हणजे पाणीच जास्त. अन्नातून पुरत नसेल तर प्रोटीन पावडर घ्यायला हरकत नाही. किडनीचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका. क्रिएटिन या स्नायूंसाठी घेतात त्या पावडरीबद्दल हल्ली विचारतात, व्यायामाबरोबर स्नायूला थोडी मदत होते, पण पाळी गेलेल्या बायकांवर दोन वर्षं करून पाहिलं तेव्हा हाडाची घनता वाढली नाही.

कॅल्शियम एकूण १२०० मिलिग्रॅम, जेवणातलं धरून. दूध-दही नीट असेल तर गोळीतून ५०० च पुरतं, आणि एका वेळी ५०० च्या वर शरीर नीट शोषत नाही. गोळी कॅल्शियम कार्बोनेटची असेल तर जेवणाबरोबर. थायरॉईडची गोळी चालू असेल तर दोन्हीत चार तासांचं अंतर. व्हिटॅमिन डी तपासून घ्या आणि कमी असेल तर सांगितलेला डोस घ्या, पण मनाने प्रचंड डोस नको, वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिलेल्या वयस्क बायका जास्त पडल्या आणि त्यांची फ्रॅक्चर्सही वाढली असं दिसलेलं आहे. आणि वजन झपाट्याने उतरवायच्या मागे लागू नका, कमी खाऊन उतरवलेल्या वजनात स्नायूही जातो आणि हाडही.

औषधांबद्दल मी फिजिओ म्हणून एवढंच बोलेन की व्यायाम आणि औषध यात निवड करायची नसते. तुमचा आकडा ऑस्टिओपेनियात आहे, म्हणजे हाड कमी झालंय पण ऑस्टिओपोरोसिस (ठिसूळ हाडं) म्हणण्याइतकं नाही, त्याची रेषा उणे २.५ ची. पण किरकोळ पडून मनगट वगैरे कधी मोडलं असेल, आईचा खुबा मोडला असेल, स्टिरॉइड घेतले असतील तर डॉक्टर याच आकड्यावरही औषध सुचवू शकतात, आणि ते बरोबर असतं. हार्मोन थेरपीबद्दल जरूर विचारा. २००२ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासानंतर सगळ्या घाबरल्या, पण त्याच अभ्यासात हार्मोन घेणाऱ्यांची खुब्याची फ्रॅक्चर्स साधारण एक-तृतीयांशाने कमी झाली होती. साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर फायदा-तोट्याचा हिशोब बऱ्याच जणींसाठी फायद्याकडे झुकतो, तुम्ही दोन्हीत बसता. ब्रेस्ट कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळीचा इतिहास असेल तर वेगळं. आणि पुढे कधी हाडाची झीज रोखणारं, दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन सुरू झालं, तर ते मनाने बंद करायचं नाही, एकही डोस लांबवायचा नाही. बंद केलं की हाड झपाट्याने उतरतं आणि एकापाठोपाठ मणके दबू शकतात. हे सांगितलं न गेल्यामुळे झालेलं नुकसान मी डोळ्यांनी पाहिलंय.

किती दिवसांत काय दिसेल? पहिल्या सहा-आठ आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसा जुना स्नायू नीट वापरायला शिकतात म्हणून. स्नायू खरोखर भरलेला जाणवतो तीन-चार महिन्यांनी. उशीर झालाय असं वाटत असेल तर १९९० मध्ये एका वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीचा वजनाचा व्यायाम दिला होता, त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तुम्ही ५४ च्या आहात ताई.

आज एक मोजणी करून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. हात छातीवर दुमडून, ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उठता येतं. साठ ते चौसष्ट वयाला बाराच्या खाली म्हणजे कमी धरतात, तुमचे त्याहून जास्त यायला हवेत. दर महिन्याला परत मोजा, स्कॅनच्या कितीतरी आधी इथे फरक दिसेल.

स्कॅन मात्र घाईने करू नका. हाडाचं पाडकाम-बांधकामाचं एक चक्रच कित्येक महिन्यांचं असतं, त्यामुळे दीड-दोन वर्षांनी, आणि त्याच मशीनवर. दुसऱ्या मशीनच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. तीन टक्क्यांच्या आतला फरक मशीनचा आणि झोपण्याच्या पद्धतीचाही असू शकतो. आकडा जागच्या जागी राहिला तरी मी ते चांगलंच धरते, कारण काही केलं नसतं तर तो उतरलाच असता.

एक काम आत्ता करा. तुमच्या रिपोर्टमध्ये कण्याचा एकच आकडा तुम्ही लिहिलाय, पण आतल्या पानावर एल-१ ते एल-४ अशा चार मणक्यांचे वेगवेगळे टी-स्कोअर असतात. त्यात एखादा शेजारच्यापेक्षा एक पूर्ण अंकाने किंवा जास्त वर असेल तर तो मणका दबलेला किंवा झिजेमुळे कडा वाढलेला असू शकतो, असा मणका स्कॅनमध्ये खोटाच घट्ट दिसतो आणि सरासरी वर ओढतो. मग खरा आकडा उणे २.३ पेक्षा खाली असेल आणि उंची कमी झालेली नसली तरी एक्स-रे आधी. ते चार आकडे आणि मोजलेली उंची कळवा, त्यावरून दुसऱ्या महिन्यात वजन स्टुलाच्या उंचीवरून घ्यायचं की अजून वरून ते सांगते.